तोतयाचं टपाल

२०१३ सालच्या फेब्रुवारीत मुंबईत एक आदेश निघाला. तो देणारे राजेश अग्रवाल त्या वेळी महाराष्ट्राचे माहिती तंत्रज्ञान सचिव होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली या सचिवाला पाच कोटी रुपयांपर्यंतच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांचा निवाडा करता येतो. एरवी फायली पाहणारा अधिकारी अशा वेळी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो. तक्रार पुण्यातल्या एका कंपनीची होती. कंपनीच्या प्रमुखांनी बँकेकडून आला असावा अशा एका ई-मेलला उत्तर दिलं आणि त्यानंतर कंपनीच्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले. अग्रवाल यांनी बँकेला ४५ लाख रुपये भरून द्यायला सांगितलं. बाकीचा भार तक्रारदाराचा, कारण खोट्या मेलला उत्तर त्यांनी दिलं होतं. पण पैसे ज्या खात्यांत पोचले ती खाती लुबाडण्यासाठीच उघडलेली होती. ती उघडताना बँकेनं पुरेशी चौकशी केली नाही, हा दोष बँकेचा.

या निकालात एक शहाणपण आहे, आणि ते एरवीच्या बोलण्यात सापडत नाही. कुणी फसलं की घरात, कचेरीत, सोसायटीच्या जिन्यात पहिला प्रश्न असतो तो 'एवढं कसं कळलं नाही?' हाच. आदेशानं तोही प्रश्न विचारला आणि त्याचा हिशेब मांडला; पण तिथं न थांबता पैसे गेले कुठे आणि त्यांना वाट कुणी करून दिली, हेही पाहिलं.

या गुन्ह्यासाठी मराठीत शब्द आधीपासूनच आहे. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण पुष्कळांच्या मनानं ते मान्य केलं नव्हतं. काही वर्षांनी 'मीच भाऊ' म्हणत एक माणूस उभा राहिला. त्याच्यामागे माणसं गेली, कोकणातले किल्ले त्याच्या ताब्यात आले, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला तेव्हाही सगळ्यांच्या मनातली शंका फिटली नव्हती. न. चिं. केळकरांनी त्या प्रकरणावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं. तोतयाचं रूप भाऊंशी किती जुळत होतं हा वादाचा विषय राहील. पण भाऊ परत यावेत अशी आस लावून बसलेली माणसं पुण्यात होती, आणि त्याचं निम्मं काम त्या आशेनंच केलं. आजचा खोटा मेलही असाच चालतो. परताव्याची वाट पाहणाऱ्याला प्राप्तिकर खात्याचा मेल येतो, पार्सलची वाट पाहणाऱ्याला कुरियरचा, आणि नोकरी शोधणाऱ्या मुलीला मुलाखतीचा.

जुन्या पत्रव्यवहाराला हे भय ठाऊक होतं. मराठेशाहीतल्या अस्सल पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' अशा शब्दांचं मोर्तब दिसतं. मजकूर इथं संपला, यापुढे कुणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे, एवढी ग्वाही त्या लहानशा ठशात होती. ई-मेलचा जन्म मात्र मोर्तबाशिवाय झाला. रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्यानं १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर निरोप धाडला आणि माणसाचं नाव व यंत्राचं नाव वेगळं दाखवायला '@' हे चिन्ह निवडलं. मेल कसा पोचवायचा याचे नियम १९८२ मध्ये ठरले, आणि त्यांच्यावरच पुढची सगळी इमारत उभी राहिली. त्या काळी जाळ्यावर होती ती विद्यापीठं, संशोधनसंस्था, सरकारी प्रयोगशाळा. एकमेकांना ओळखणारी माणसं. पाठवणारा म्हणून जे नाव लिहिलं जाईल ते खरंच त्याचं आहे का, हे तपासायची सोय त्या नियमांत नव्हती. पोस्टकार्डावर प्रेषक म्हणून कुणीही कुणाचंही नाव लिहावं आणि पोस्टमननं ते मुकाट्यानं पोचवावं, तसा हा कारभार.

त्या भाबडेपणाची किंमत २००० सालच्या मे महिन्यात जगाला कळली. 'आय लव्ह यू' असा विषय लिहिलेला मेल फिलिपिन्समधून निघाला, सोबतचं प्रेमपत्र उघडलं की संगणकातल्या फायली बिघडवू लागला, आणि वहीत सापडतील तेवढ्या पत्त्यांवर स्वतःच्या प्रती धाडू लागला. लाखो संगणक आजारी पडले. प्रेमपत्र ओळखीच्याच माणसाच्या नावानं येत होतं. म्हणून तर ते उघडलं जात होतं. ज्या तरुणानं ते रचलं त्याच्यावर खटला उभा राहू शकला नाही, कारण फिलिपिन्समध्ये तेव्हा या गुन्ह्यासाठी कायदाच नव्हता.

पण तो गोंधळ घालणारा मेल होता. आज ज्याची धास्ती घ्यावी तो मेल गोंधळ घालत नाही. तो शांतपणे रोजच्या कामात येऊन बसतो.

नाशिककडच्या एखाद्या द्राक्ष निर्यातदाराचं उदाहरण मनात आणावं. हा प्रसंग कुणा एकाचा नाही; जगभर या पद्धतीनं घडणाऱ्या गुन्ह्यांचा साचा इथल्या मातीत ठेवून पाहिला आहे. जानेवारी ते एप्रिल हा हंगाम. कंटेनर न्हावाशेव्याला जातात, तिथून जहाजानं नेदरलँड्सला. माल पोचला, तपासला गेला की पैसे येतात, आणि तोवरचा सगळा व्यवहार मेलवर चालतो. तपासणीचे दाखले, बिलं, बँकेचा तपशील, सगळं. एके दिवशी कचेरीतल्या मुलाला मेल येतो: तुमची मेलपेटी भरली आहे, इथं लॉगिन करा. तो करतो. काहीही घडत नाही. काम चालू राहतं, आणि हीच या प्रकरणातली सगळ्यात भयंकर गोष्ट आहे. पासवर्ड ज्याच्या हाती लागला तो त्या दिवसापासून पेटीत बसून वाचू लागतो. पेटीत एक गुपचूप नियमही लावून ठेवतो, की 'पेमेंट' किंवा 'इन्व्हॉइस' शब्द असलेल्या प्रत्येक मेलची प्रत आपल्याकडे यावी. कोण कुणाला काय म्हणतं, दर सोमवारी कोण मेल करतं, साहेब मेलच्या शेवटी काय लिहितात, कुठला कंटेनर कधी लागणार, हे सारं त्याला आठवड्याभरात तोंडपाठ होतं.

आणि मग, पैसे निघायच्या दोन दिवस आधी, तिकडच्या खरेदीदाराला नाशिकहून मेल जातो. भाषा तीच, सही तीच, बिलाचा आकडा अचूक. एवढंच कळवलेलं असतं की आमच्या बँकेत लेखापरीक्षण चालू आहे, या वेळची रक्कम कृपया सोबत दिलेल्या दुसऱ्या खात्यात भरावी. पैसे जातात. इकडे वाट पाहणं सुरू असतं. दहा-बारा दिवसांनी कुणीतरी फोन करतं, आणि दोन्ही टोकांना आपलाच समज खरा वाटत असतो: आम्ही तर भरले, आम्हाला तर मिळाले नाहीत. द्राक्षं केव्हाच खाऊन झालेली असतात.

अमेरिकेच्या एफबीआयनं या एका प्रकारच्या, म्हणजे व्यवसायाच्या मेलमध्ये शिरून केलेल्या फसवणुकीच्या तक्रारींत २०२४ या वर्षी सुमारे २७७ कोटी डॉलरचं नुकसान नोंदवलं. हे फक्त तिच्याकडे आलेल्या तक्रारींचं.

लहान कचेऱ्यांतली कच्ची माणसंच अशी फसतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी एव्हाल्दास रिमासाउस्कास या लिथुआनियन माणसाचा खटला पाहावा. तैवानची क्वांटा कंपनी गूगल आणि फेसबुकला यंत्रसामग्री पुरवते. रिमासाउस्कासनं त्याच नावाची कंपनी लाटव्हियात नोंदवली, आणि २०१३ ते २०१५ या काळात या दोन कंपन्यांच्या लेखा विभागांना खोटी बिलं, खोटी करारपत्रं, खोटे शिक्के मेलनं पाठवले. फेसबुककडून सुमारे ९ कोटी ९० लाख डॉलर आले, गूगलकडून सुमारे २ कोटी ३० लाख. मेल छाननीचं जगातलं सर्वोत्तम तंत्र ज्यांच्या घरात आहे त्यांनी हे पैसे चुकते केले, कारण क्वांटाचं बिल येणं ही तिथली रोजची गोष्ट होती. बहुतेक रक्कम नंतर परत मिळवली गेली. रिमासाउस्कासला डिसेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानं पाच वर्षांची शिक्षा दिली.

बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवरचा दरोडा तर एका नोकरीच्या अर्जानं सुरू झाला. जानेवारी २०१५ मध्ये तिथल्या काही कर्मचाऱ्यांना रासेल अहलाम नावानं नम्र भाषेतले मेल आले. मला तुमच्या संस्थेत काम करायची इच्छा आहे, माझी माहिती या दुव्यावर पाहावी. अमेरिकेच्या न्याय खात्यानं पुढे दाखल केलेल्या कागदांनुसार बँकेच्या निदान तीन संगणकांवरून ती फाइल उतरवून घ्यायचा प्रयत्न झाला. त्यानंतर वर्षभर कुणाला काही कळलं नाही. फेब्रुवारी २०१६ च्या पहिल्या गुरुवारी रात्री चोरांनी बँकेच्या नावानं न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हला ३५ आदेश धाडले. एकूण रक्कम सुमारे ९५ कोटी १० लाख डॉलर. वार नेमका निवडला होता. शुक्रवार-शनिवार ढाक्याला सुट्टी, रविवारी न्यूयॉर्कला, आणि सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची. व्यवहारांची नोंद आपोआप छापणारा ढाक्यातला प्रिंटर त्यांनी आधीच बंद पाडला होता. तिथल्या माणसांना वाटलं, नेहमीसारखा बिघडला.

३५ पैकी पाचच आदेश पार पडले. श्रीलंकेला निघालेले दोन कोटी डॉलर वाटेत थांबले, कारण घेणाऱ्या संस्थेच्या नावात 'फाउंडेशन'चं 'फंडेशन' झालं होतं आणि एका बँकेत कुणीतरी थांबून विचारलं, हे काय? मनिलाला पोचलेले ८ कोटी १० लाख डॉलर मात्र जुगारघरांतून बव्हंशी दिसेनासे झाले. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेनं या प्रकरणी पार्क जिन ह्योक या उत्तर कोरियन माणसावर आरोप ठेवले.

त्याच २०१६ सालच्या जुलैमध्ये, मुंबईत मुख्यालय असलेल्या युनियन बँक ऑफ इंडियाला जवळजवळ याच वाटेनं गाठलं गेलं. रिझर्व्ह बँकेकडून आल्यासारखा दिसणारा मेल एका कर्मचाऱ्यानं उघडला, सोबतच्या फाइलमधून घातक प्रणाली आत आली, आणि काही दिवसांनी १७ कोटी १० लाख डॉलर बाहेरदेशी निघाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेब जुळवताना तफावत नजरेला आली. बँकेनं लगोलग पैशांचा माग काढला, वाटेतल्या बँकांना अडवलं, आणि सगळी रक्कम परत आली. मेल उघडण्याची चूक ढाक्यातही झाली, मुंबईतही झाली. फरक पडला तो सकाळच्या त्या हिशेबानं. खातेवही जुळवण्याचं हे कंटाळवाणं काम कुणी कौतुकानं पाहत नाही, पण त्या दिवशी त्या कामानं एक बँक वाचवली.

मग मेल ओळखायचा कसा? वर्षानुवर्षं एक उपाय सांगितला गेला, की व्याकरणाच्या चुका पाहा. तो सल्ला आता जुना झाला. भाषेची यंत्रं निर्दोष इंग्रजी लिहितात, मराठीही बऱ्यापैकी लिहितात. चूक सापडली तर संशय घ्यावाच, पण चूक नाही म्हणून विश्वास ठेवू नये.

पत्ता पाहणं मात्र अजून कामाचं आहे, आणि ते गावाकडचा कुठलाही माणूस चटकन शिकेल. आपल्याकडे पाकिटावर मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा असा पत्ता लिहितात. कुणी आपल्या गल्लीला 'लंडन' नाव दिलं म्हणून पत्र लंडनला जात नाही. ते शेवटच्या ओळीतल्या जिल्ह्याला जातं. मेलचा किंवा संकेतस्थळाचा पत्ताही असाच शेवटाकडून वाचायचा. सुरुवातीचं '://' सोडून पहिल्या तिरप्या रेषेच्या आधी जे शेवटचे एक-दोन ठिपके येतात, त्यांच्या भोवतीचे शब्द म्हणजे जिल्हा. त्याच्या डावीकडे बँकेचं नाव असो, 'सेक्युअर' असो, 'गव्हर्न्मेंट' असो, ती सगळी गल्लीची नावं. ती कुणीही ठेवू शकतो. मोबाइलवर तर पत्ता दिसतच नाही, नुसतं नाव दिसतं. त्या नावावर बोट ठेवलं की खरा पत्ता उघडतो, आणि बँकेच्या नावामागे कुठल्यातरी परक्या देशातलं भलतंच घर निघतं.

अक्षरांची चलाखी त्याहून बारीक. मराठी वाचकाला ती समजावून सांगायला 'ख' पुरे. पूर्वी हाताच्या लिखाणात आणि छपाईत 'ख' आणि 'रव' यांचा इतका घोटाळा व्हायचा, की पुढे 'ख'चे दोन्ही भाग खाली जोडून टाकण्याचं वळण रूढ झालं. रोमन लिपीतही तसंच आहे. 'आर' आणि 'एन' ही छोटी अक्षरं शेजारी आली की लहान पडद्यावर ती 'एम' दिसतात. छोटा 'एल' आणि आकडा एक यांची अदलाबदल होते. रशियन लिपीतला 'अ' रोमन 'ए'सारखा हुबेहूब दिसतो. नाशिकच्या निर्यातदाराचा तोतया याच वाटेनं जातो. खऱ्या पेटीतून मेल पाठवणं धोक्याचं वाटलं तर एका अक्षराच्या फरकाचं नाव विकत घेतो, जेमतेम काही शे रुपयांत. पत्त्याशेजारी दिसणारं कुलूप इथं धीर देत नाही. वाटेत कुणी डोकावणार नाही एवढंच ते सांगतं. वाटेच्या टोकाला कोण बसलंय याबद्दल त्याला काही म्हणायचं नसतं.

तरीही डोळ्यांवर सगळा भरवसा टाकता येत नाही. १९ मार्च २०१६ रोजी अमेरिकेत हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखांना, जॉन पोडेस्टा यांना, गूगलच्या नावानं मेल आला: तुमचा पासवर्ड कुणालातरी कळला आहे, ताबडतोब बदला. त्यांच्या कचेरीनं घाई केली नाही, तंत्रज्ञाला विचारलं. तंत्रज्ञानं उत्तरात लिहिलं, मेल वैध आहे. आपल्याला नेमका उलटा शब्द लिहायचा होता, असं त्यानं पुढे सांगितलं. त्यानं पासवर्ड बदलायचा खरा दुवाही सोबत दिला होता. पण बोट पडलं ते मूळ मेलमधल्या बटणावर. हजारो मेल चोरांच्या हाती गेले आणि त्या वर्षीच्या निवडणुकीआधी जगानं ते वाचले.

त्या कचेरीनं विचारलं, ते योग्यच केलं. परतीची वाट मात्र मेलमधूनच धरली. म्हणून या क्षेत्रातली जाणती माणसं एकाच गोष्टीवर अडून बसतात: मेल जे सांगतो ते मेलच्या बाहेर जाऊन तपासा. बँकेचं काम असेल तर पत्ता स्वतः टंकून जा, किंवा कार्डामागच्या क्रमांकावर फोन करा. पुरवठादारानं खातं बदललं असेल तर जुन्या वहीतल्या क्रमांकावर बोला. मेलखाली छापलेला क्रमांक तोतयाचाच असतो. साहेबांनी घाईनं पैसे मागितले असतील तर उठून त्यांच्या खोलीत जा. पुण्यात सप्टेंबर २०२२ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला अदर पूनावाला यांच्या नावानं व्हॉट्सअ‍ॅप निरोप आले, अमुक खात्यांत पैसे भरा म्हणून. कंपनीचे एक कोटी एक लाख रुपये गेले. साधन मेलऐवजी व्हॉट्सअ‍ॅप, पण डाव तोच. साहेबांना उलट फोन करून 'खरंच का?' विचारणं आपल्याकडच्या कचेऱ्यांत अवघड जातं. ते अवघडलेपण चोराला फार उपयोगी पडतं. ज्या कंपनीत हाताखालच्या कारकुनानं असा फोन केला तर त्याची पाठ थोपटली जाते, ती कंपनी त्यातल्या त्यात सुरक्षित.

आणि हा फोनही आता नीट करावा लागेल. जानेवारी २०२४ मध्ये अरुप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कचेरीतल्या कर्मचाऱ्याला लंडनच्या वित्तप्रमुखाच्या नावानं मेल आला. एक गुप्त व्यवहार करायचा आहे. कर्मचाऱ्याला वास आला, हा मेल खोटा असणार. मग त्याला व्हिडिओ बैठकीला बोलावलं गेलं. पडद्यावर वित्तप्रमुख होते, ओळखीचे सहकारी होते, बोलत होते. शंका मावळली. १५ वेळा मिळून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर त्यानं पाठवले. बैठकीतले बाकी सगळे चेहरे यंत्रानं बनवलेले होते. मेल ओळखणारा माणूस चेहऱ्यांना फसला, म्हणून त्याला दोष द्यायला जीभ रेटत नाही. बैठकीचं बोलावणं ज्या वाटेनं आलं ती वाट चोराची होती. त्यानं स्वतःहून लंडनला एक फोन लावला असता तर कदाचित निभावलं असतं.

भारतात गेल्या काही वर्षांत फिरणारे मेल दोन टोकांचे आहेत: आमिष आणि दहशत. प्राप्तिकर विवरणाच्या मोसमात परताव्याचे मेल येतात. खातं वारंवार सांगतं की आम्ही मेलवरून पिन, पासवर्ड किंवा कार्डाचा तपशील मागत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नव्या पॅन कार्डाचे खोटे मेल निघाले आणि पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य तपासणी विभागाला ते खोटे असल्याचं जाहीर करावं लागलं. दहशतीचे मेल याहून दुष्ट. सोबत अशोकस्तंभ छापलेलं पत्र असतं, बड्या पोलीस अधिकाऱ्याची सही असते, आणि तुमच्या संगणकावरून लहान मुलांची अश्लील चित्रं पाहिली गेली असा आरोप असतो. चोवीस तासांत खुलासा करा. ज्यानं असं काहीच केलेलं नाही तो निवृत्त शिक्षकही हे घरात कुणाला दाखवू शकत नाही, आणि एकटा पडलेला माणूस चोराला हवाच असतो. पोलीस असला आरोप मेलवर ठेवून मेलवरच तडजोड करत नाहीत. ते पत्र बायकोला, मुलाला, शेजाऱ्याला दाखवावं. दाखवताक्षणी त्यातलं निम्मं विष उतरतं.

मोर्तबाची उणीव भरून काढायचं काम अभियंत्यांनी गेल्या वीस वर्षांत केलं आहे. पाठवणाऱ्या संस्थेनं आपली अधिकृत यंत्रं जाहीर करायची, मेलवर गणिती सही करायची, आणि दोन्ही जुळलं नाही तर मेलचं काय करावं हेही सांगून ठेवायचं, अशी ती तिपेडी व्यवस्था. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांना ती सक्तीची केली. भारतात रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हे वेगळं आवार आखून दिलं. तिथं नोंदणीकृत बँकांशिवाय कुणाला जागा मिळत नाही. त्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत सर्व बँकांनी तिथं यायचं होतं. पाकिटावरचा जिल्हा वाचणाऱ्या ग्राहकाला आता पक्की खूण मिळाली. पण खऱ्या पेटीत शिरून पाठवलेल्या मेलवर मोर्तब खरंच असतं, हे विसरून चालणार नाही.

उरतं ते फसल्यानंतरचं. इथं घड्याळाशी शर्यत असते. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून चार खात्यांत, मग एटीएममधून रोख किंवा परदेशी, असे पळतात. यातली बहुतेक खाती भाड्याची. दोन-चार हजारांसाठी कुण्या विद्यार्थ्यानं, कुण्या मजुरानं आपलं पासबुक-कार्ड दुसऱ्याच्या हाती दिलेलं. पैसे पहिल्या-दुसऱ्या खात्यात असतानाच गाठले तर गोठवता येतात. १९३० हा राष्ट्रीय क्रमांक त्यासाठीच आहे. तिथं तक्रार नोंदली की संबंधित बँकांना एकमेकींच्या साखळीतून इशारा जातो. लेखी तक्रार केंद्राच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर करता येते. आपल्या बँकेलाही त्याच तासात कळवायचं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाचा दोष नसताना पैसे गेले आणि त्यानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्याच्यावर काहीच भार येत नाही. स्वतः पासवर्ड देऊन बसला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे लाजेपायी गप्प बसलेला प्रत्येक तास आपल्या खिशातून जातो.

पासवर्ड दिला असेल तर दुसऱ्या यंत्रावरून तो बदलावा, सगळीकडून लॉगआउट करावं, आणि मेलपेटीच्या सेटिंगमध्ये जाऊन कुणी प्रती वळवण्याचा नियम लावला आहे का ते पाहावं. ही शेवटची पायरी बहुतेकांची राहून जाते, आणि पासवर्ड बदलूनही चोर वाचतच राहतो. तो मेल मात्र पुसू नये. संतापून पुसला जातो. पण पाकिटावर वाटेतल्या टपाल कचेऱ्यांचे शिक्के उमटावेत तसे प्रत्येक मेलच्या मस्तकात त्याच्या प्रवासाचे टप्पे लिहिलेले असतात, आणि तपास तिथूनच सुरू होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड मध्ये संगणकाच्या साहाय्यानं तोतयेगिरी करून ठकवण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. २०२४ मध्ये भारतातल्या नागरिकांनी सायबर चोरांना गमावलेले पैसे केंद्र सरकारनं संसदेत २२ हजार ८४५ कोटी रुपये सांगितले. आदल्या वर्षी तो आकडा साडेसात हजार कोटींच्या आत होता. इतक्या माणसांना मूर्ख म्हणता येत नाही.

पुण्यातल्या कंपनीच्या तक्रारीवरच्या त्या आदेशाआधी तमिळनाडूत एक निवाडा झाला होता. अबू धाबीत नोकरी करणाऱ्या, तुतिकोरिनच्या एका खातेदाराला बँकेच्या नावानं मेल आला. त्यानं माहिती भरली आणि त्याचे साडेसहा लाखांच्या आसपास रुपये मुंबईतल्या एका खात्यात वळले. तो गप्प बसला नाही. बँकेचं म्हणणं होतं, चूक त्याची. तमिळनाडूच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी एप्रिल २०१० मध्ये व्याज-खर्चासह १२ लाख ८५ हजार रुपये द्यायचा आदेश बँकेला दिला. बँक अपिलात गेली. दिल्लीच्या न्यायाधिकरणानं तो आदेश कायम ठेवला, तेव्हा २०१९ चा जानेवारी उजाडला होता. मेल आला होता २००७ च्या सप्टेंबरात.